साडेचार फुटांचा बोरू

शार्दूल इंगवलेला सतरावं सरत आलं होतं, आणि अजूनही लोक त्याला कडेवर घ्यायला मागत.

मागत म्हणजे काय, घेतच. त्या दिवशी कोल्हापुरात त्याच्या बहिणीचा व्हॉलीबॉलचा सामना होता. टोपी नाकापर्यंत ओढून तो प्रेक्षकांत एका कडेला बसला होता, तरी एका बाईंनी ओळखलंच. "अगंबाई, बोरू तू? आमच्या पिल्लूचा बोरू?" असं म्हणत त्यांनी त्याला काखेत धरून उचललं, फोटो काढला, गालगुच्चा घेतला आणि खिशात चॉकलेट कोंबलं. शार्दूल त्या वेळी मनातल्या मनात बारावीच्या भौतिकशास्त्राचं एक गणित सोडवत होता. ते विसरलं, हसू मात्र नेहमीचं आलं. सहा वर्षं झाली की माणसाला हसूसुद्धा पाठ होतं.

तेवढ्यात कृतिका घामाने निथळत आली. चौदा वर्षांची पोर, पण त्याच्याहून चांगली वीतभर उंच.

"धाकटा का गं तुझा?" बाईंनी विचारलं.

"नाही, दादा आहे माझा."

बाई पोट धरून हसल्या. दादा म्हणते त्याला, किती गोड, असं शेजारणीला सांगतच निघून गेल्या. कृतिकाचे कान लाल झाले. शार्दूलला राग त्या बाईंचा आला नाही, कृतिकाचाही नाही. राग यायला समोर कुणीतरी लागतं, आणि इथे समोर कुणीच नव्हतं.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "राज्याच्या शिबिरातून माझं नाव गेलं."

"का? आज तर तूच जिंकून दिलंस."

"उंची. सर म्हणाले, गेल्या साली वाटलं होतं तू झपाझप वाढशील. अडलीस कुठेतरी." एवढं बोलून तिने जीभ चावली. त्यांच्या घरात उंचीबद्दल बोलायची चोरी होती.

"वाढशील गं," शार्दूल म्हणाला. "तुला काय धाड भरलीये?"

आता हे सगळं कसं झालं ते सांगायला हवं.

कवडसपूरच्या गोष्टी ही चार पुस्तकं रत्नागिरीच्या एका शिक्षिकेने फार वर्षांपूर्वी लिहिलेली. अकरा वर्षांचा बोरू नावाचा मुलगा एका पडक्या गढीच्या दिंडी दरवाजातून, म्हणजे मोठ्या दरवाजाच्या पोटात असतो त्या बुटक्या दारातून, वाकून आत शिरतो आणि कवडसपुरात पोचतो. तिथे उन्हाचे कवडसे माणसांसारखे नांदतात, आणि एक भांडखोर साळिंदर त्याचा दोस्त होतो. शार्दूल आजारी असला की आई त्याला हीच पुस्तकं वाचून दाखवायची. म्हणून मालिकेसाठी मुलगा हवा अशी जाहिरात आली तेव्हा त्याला बोरूची वाक्यं शिकवावी लागली नाहीत. मालिका छोटी होती, आठ भागांची, पहिल्या पुस्तकावरची. एका उन्हाळ्यात संपणार होती.

ती इतकी चालली की संपवायची कुणाची छाती होईना. दुसरं पुस्तक घेतलं, तिसरं घेतलं. पुस्तकातला बोरू अकराचा तो अकराचाच, आणि शार्दूल मात्र वाढायच्या बेतात.

पूर्वी असतं तर यंत्राने त्याचा चेहरा लहान करून घेतला असता. पण तोवर यंत्राने बनवलेल्या माणसांचा इतका सुळसुळाट झाला होता की लहान मुलं खऱ्या आईच्या तोंडाकडेही संशयाने बघायला लागली. मग कायदा आला. मुलांच्या कार्यक्रमात माणसाचा चेहरा, आवाज, बांधा यंत्राने बदलायचा नाही, जसा आहे तसा दाखवायचा. कायदा चांगलाच होता. फक्त त्यात एक फट राहिली. चित्र बदलायला बंदी होती, मुलगा बदलायला नव्हती.

आपल्या हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक मऊ पट्टी असते. तिच्यातल्या पेशी एकावर एक थर रचत जातात, जुने थर कडक होतात आणि हाड लांबतं. आपण वाढतो म्हणजे एवढंच. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी एक ग्रंथी त्यांना कामाला लागा म्हणून निरोप धाडत असते. ज्या मुलांची वाढ रोगामुळे नको इतकी घाईने होते त्यांच्यासाठी कुणा भल्या डॉक्टरांनी एक औषध शोधलं. ते त्या पट्टीतल्या पेशींत जाऊन बसतं आणि ग्रंथीचा निरोप त्यांना ऐकूच येऊ देत नाही. पेशी मरत नाहीत, नुसत्या निजतात. रोज सकाळी जिभेखाली चार थेंब. चव नाही, वास नाही. औषधाचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला थांबे म्हणत.

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे," निर्माते प्रभुघाटे साहेब आईला म्हणाले होते. "बंद केले की पोरगं राहिलेली सगळी उंची भरून काढतं. डॉक्टरांनाच विचारा."

डॉक्टरही तसंच म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. रोगी मुलांनी थांबे दोन वर्षं घेतले होते, कुणी तीन. शार्दूलचं सहावं वर्ष चालू होतं. गेल्या दिवाळीआधी त्याने डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"निजलेल्या पेशी उठतात. पण इतकी वर्षं निजवलेल्या उठतात का, हे मला माहीत नाही. इतकी वर्षं कुणी घेतलेलेच नाहीत. माझा अंदाज विचारशील तर अठरापर्यंत बंद झाले पाहिजेत. त्यानंतर मी आशा ठेवणार नाही."

मग आईकडे वळून ते म्हणाले, "आणि एक. मनाने बंद करायचे नाहीत. एक दिवस घेतले, दोन दिवस नाही, असं झालं तर हाडं वेडीवाकडी वाढतील. ते सगळ्यात वाईट."

हे शेवटचं वाक्य आईच्या काळजात रुतून बसलं. अठराचं वाक्य शार्दूलच्या.

स्टुडिओ गावाबाहेर जोतिबाच्या वाटेवर होता. दारातून आत गेलं की पहिलं काम मापाचं. मालन मावशी नावाची बाई बोरूचं सातत्य सांभाळायची, म्हणजे कालच्या चित्रणात त्याचा भांग उजवीकडे असेल तर आज डावीकडे जायला नको, गुडघ्यावरचं खरचटलेलं तिथल्या तिथेच हवं. भिंतीला एक लाकडी काठी होती, तिच्यावर सरकपट्टी. शार्दूल काठीला पाठ लावायचा, मावशी एका हाताने पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवायची, दुसऱ्या हाताने चहावाल्याला बोलवायची आणि पुकारायची, "साडेचार."

साडेचार फूट. सहा वर्षं रोज. सुरुवातीला ते ऐकून त्याला बरं वाटायचं, काम टिकलं म्हणून. आता तो शब्द कानावर आला की दाराला बाहेरून कडी लागल्यासारखं व्हायचं.

"साहेब, चौथं पुस्तक कधी?" त्याने परवाच प्रभुघाटेंना विचारलं होतं. चौथ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बोरू पुष्कळ दिवसांनी गढीपाशी येतो आणि दिंडी दरवाजाची चौकट त्याच्या कपाळाला लागते. तो मोठा झालेला असतो. कपाळ चोळत आधी हसतो, मग रडतो आणि घरी जातो. शार्दूलला सगळ्यात आवडायचं ते हे पान.

"करायचंच आहे रे बाळा," प्रभुघाटे म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्याच्या बारावीची पुस्तकंही आणून द्यायचा. "पण ते केलं की संपलं. त्याआधी मधल्या काळातल्या गोष्टी घेऊ. लोकांना बोरू हवाय. पाडव्याला येतो फराळाला, तेव्हा सह्या करून टाकू. दोन वर्षं फक्त."

मधल्या काळातल्या गोष्टी कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. शार्दूलचा मधला काळ मात्र चालूच होता. त्याच्या वर्गातल्या मुलांना मिसरूड फुटलं, आवाज फुटले. तो वर्गात गेला की शिपाई विचारायचा, "कुणाचा भाऊ रे तू?"

आणि आता गुपित. गेल्या होळीपासून शार्दूलने थांबे घेणं बंद केलं होतं. आई जिभेखाली थेंब सोडायची आणि चहाचा गॅस बारीक करायला वळायची, तेवढ्यात तो बेसिनपाशी जाऊन थुंकायचा, खळखळून चूळ भरायचा. हाडं वाकडी होतील ही भीती होतीच. पण रोज न चुकता थुंकलं तर त्यात एक दिवस हो, एक दिवस नाही असं कुठे होतं? एकदम बंद म्हणजे बंद. त्याचं त्याने ठरवून टाकलं होतं. आईला सांगितलं नाही, कारण आई घाबरली असती, मस्कतला बंदरावर काम करणाऱ्या बाबांना फोन केला असता आणि बाबांनी साहेबांना.

पहिले दोन महिने तो रोज मोठ्या आशेने काठीला पाठ लावायचा. साडेचार. पाऊस आला, गेला. साडेचार. गणपती झाले, दसरा झाला. साडेचार. एकदा त्याने केस ओले करून चापून बसवले, न जाणो केसांमुळे नीट कळत नसेल. मालन मावशी म्हणाली, "साडेचार. आणि डोस्कं पूस, सर्दी हुईल."

दसऱ्यानंतर त्याने आशा सोडली. डॉक्टरांनी अठराचा अंदाज दिला होता, त्याच्या हाडांची पट्टी सतरालाच मेली, एवढंच. ज्याची भीती होती ते होऊन गेल्यावर त्याला एक प्रकारचं सुस्त वाटायला लागलं. आता सही केली काय आणि न केली काय. जन्मभर साडेचार फूटच राहायचं तर निदान बोरू म्हणून राहावं, बोरूला तरी लोक प्रेमाने उचलतात. पाडव्याला हो म्हणायचं, असं त्याने ठरवलं.

पाडव्याच्या सकाळी अभ्यंगस्नान झालं की मोजणी, हा इंगवल्यांच्या घरचा रिवाज. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावायची, आईने कवडसपूरचा जाड पुठ्ठ्याचा पहिला भाग डोक्यावर आडवा धरायचा आणि खाली पेन्सिलीने रेघ मारायची. चौकटीच्या डाव्या अंगाला कृतिकाच्या रेघा शिडीसारख्या वर चढत गेल्या होत्या. उजव्या अंगाला शार्दूलच्या खालच्या चारपाच रेघा सुट्या होत्या, आणि त्यांच्यावर एकच रेघ होती, काळीकुट्ट. दर पाडव्याला तिच्यावरच पुन्हा पेन्सिल फिरून लाकडाला खाच पडली होती.

"मला नको यंदा," शार्दूल म्हणाला. "कृतिकाचं घे."

आईने आग्रह केला नाही. कृतिका ओल्या केसांनी चौकटीला टेकली.

"टाचा चिकटव. मान सरळ." आईने पुस्तक धरलं, पेन्सिल टेकवली आणि थबकली. "हललीस तू. नीट उभी राहा."

पुन्हा पुस्तक, पुन्हा पेन्सिल. रेघ गेल्या पाडव्याच्या रेघेच्या वर जेमतेम सुपारीच्या खांडाएवढी सरकली होती. त्याआधीच्या दोन रेघांमध्ये चांगलं चार बोटांचं अंतर होतं.

"बघ, सर खोटं नव्हते बोलत," कृतिका म्हणाली.

"तरीच यंदा बूट पुरले," आई स्वतःशीच पुटपुटली. शेजारीपाजारी तिने कौतुकाने सांगितलं होतं, यंदा पोरीचे बूट वर्षभर टिकले म्हणून.

कृतिका ओट्याकडे गेली. ओट्यावर नाचणीच्या सत्त्वाचे दोन पेले निवत ठेवले होते. हाडं बळकट होतात म्हणून आई दोघांनाही रोज सकाळी सत्त्व करून द्यायची. कृतिकाने आपला पेला संपवला आणि सहज, रोजच्या सवयीने, दुसरा उचलला.

"तो दादाचा आहे," आई म्हणाली.

"मीच तर पिते रोज. त्याला कुठे आवडतं? चिखल म्हणतो तो." घोट घ्यायला तिने पेला तोंडाशी नेला.

आईने तो असा हिसकावला की सत्त्व भिंतीवर उडालं. मग ती तिथेच फरशीवर बसली, मटकन. दोन्ही पोरं बघत राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासूनच. मी सरावाहून येते, मला भूक असते. काय झालं आई?"

"त्यात थांबे होते."

शार्दूलला कळेना. "कसले थांबे? थांबे तर तू मला जिभेखाली देतेस."

"ते पाणी होतं. होळीनंतर तुला मी बेसिनपाशी थुंकताना बघितलं. मला वाटलं, हा कधी थुंकतोय कधी गिळतोय, डॉक्टर म्हणाले होते ना, मध्येच बंद मध्येच चालू केलं तर हाडं वाकतील. तुला बोलले असते तर तू आणखी चोरून केलं असतंस. म्हणून बाटलीत पाणी भरलं आणि थेंब सत्त्वात घातले, म्हणजे रोज न चुकता पोटात जातील. पेला रोज रिकामा दिसायचा, मला वाटलं तूच पितोस." तिने पदर तोंडात कोंबला.

शार्दूलच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला विचारलं का नाहीस? माझं शरीर आहे ते, आई. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला एका दारात उभं करून ठेवलंय सहा वर्षं, आणि मी बाहेर पडायला बघत होतो तर तू परत आत ढकलत होतीस."

"तू तरी मला सांगितलंस का?" आई म्हणाली. रागाने नाही, अगदी हळू.

आणि मग त्याची नजर कृतिकाकडे गेली. ती आपल्याच हातांकडे बघत होती. चिखल म्हणून त्याने स्वतः तो पेला रोज तिच्या पुढ्यात सरकवला होता. आपण ज्या पिंजऱ्यात होतो त्यात आपणच तिला हाताला धरून नेलं.

आईने डॉक्टरांना फोन लावला. सण असूनही त्यांनी उचलला. ती सांगत होती तसे ते दोनदा "काय?" म्हणाले. मग फोनमधून त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. आजपासून बंद, एवढ्या महिन्यांनी काही बिघडत नाही, मुलगी वाढेल, उद्या सकाळी तिला घेऊन या. शेवटी ते म्हणाले, "दोघांनाही आणा."

फोन ठेवल्यावर कृतिकाच पहिली बोलली. "म्हणजे दादाच्या पोटात होळीपासून एकसुद्धा थेंब गेलेला नाही."

ती चौकटीकडे वळली.

"दादा, चौकटीला उभा राहा."

"नको."

"अरे पण..."

"मला रोज मोजतात, कृतिका. रोज साडेचारच असतं."

"कोण मोजतं?"

"मालन मावशी."

"काठीकडे बघून?"

शार्दूल उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या डोळ्यांसमोर मावशी उभी राहिली. एक हात पट्टीवर, तोंड दाराकडे, चहावाल्याला बोलावत. साडेचार, आणि दोन कटिंग. सहा वर्षं तोच आकडा पुकारणारी बाई काठीकडे कशाला बघेल? त्याच्या छातीत धडधडायला लागलं, आणि ती आशा नव्हती, भीतीच होती. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं की आपल्याला सगळं माहीत आहे. आता कळलं की काहीच माहीत नाही. चौकटीला उभं राहिलं आणि रेघ त्याच काळ्या खाचेत पडली, तर मग खरंच सगळं संपलं. न मोजलेलं बरं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. प्रभुघाटे साहेब मिठाईचा पुडा घेऊन उतरत होते, काखेत सह्यांचा टॅब. अंगणातूनच त्यांनी हाक दिली, "बोरू आहे का घरात?"

शार्दूल उठला. चौकटीपाशी गेला, टाचा चिकटवल्या, मान सरळ केली. डोळे मिटून घेतले.

पुस्तकाचा पुठ्ठा डोक्याला लागला. पेन्सिल लाकडाला लागल्याचं त्याला ऐकू आलं.

"आई, सांग."

पेन्सिलीचा आवाज पुन्हा आला, सावकाश, दाबून ओढल्याचा. मग ती म्हणाली, "सरक."

तो सरकला. काळी खाच होती तिथेच होती. तिच्या वर मोकळं लाकूड होतं, आणि त्याच्या वर एक नवी, बारीक, किंचित वाकडी रेघ. मधल्या जागेत त्याने आपली करंगळी आडवी ठेवली. ती नेमकी बसली. त्याने ती तिथून काढलीच नाही.

प्रभुघाटे दारात येऊन उभे होते. भिंतीवर उडालेलं सत्त्व, जमिनीवरचा पेला आणि चौकटीला बोट लावून उभा असलेला आपला बोरू, यांतलं त्यांना काहीच उमगेना. "काय मोजणी चालली का?" ते म्हणाले. "साडेचारच ना?"

आईने डोळे पुसले, पदर खोचला. "या साहेब, बसा. फराळ करून जा. सही मात्र होणार नाही."

"वहिनी, अहो, ठरलं होतं आपलं."

"ते शेवटचं पान घ्यायचं असेल तर या पुढच्या पाडव्याला. तोवर त्याचं कपाळ चौकटीला लागतंय का बघू."

शार्दूलला हसू आलं, आणि ते पाठ केलेलं नव्हतं. मग त्याचं लक्ष डाव्या अंगाच्या रेघांकडे गेलं. कृतिका तिथे उभी होती, आपल्या अडलेल्या रेघेवर बोट ठेवून. माफी मागावी तर ती कुठल्या तोंडाने.

तिने त्याच्या नव्या रेघेपासून आपल्या रेघेपर्यंत उंचीचं अंतर नजरेने मोजलं. बरंच होतं. मग ती त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "मी थांबलेय अजून थोडे दिवस, दादा. तू ये तोवर."